अळीला कसे कळले? : नैसर्गिक निवडीचा एक पाठ

काही वर्षांपूर्वी आमचे विज्ञानशिक्षक आठवडाभर रजेवर असताना दहावीच्या वर्गावर जाण्याचा प्रसंग माझ्यावर आला. मी कलाशाखेचा पदवीधर, मराठी शिकविणारा. अशा तासाला मुख्याध्यापकाने जाऊन बसावे आणि वर्ग शांत ठेवावा एवढीच अपेक्षा असते, व तेवढ्याच बेताने मी गेलो होतो. सुरतेच्या मराठी शाळांत आज जी मुले दिसतात त्यांपैकी पुष्कळांचे मूळ खानदेशात आहे. वडील यंत्रमागावर किंवा कापडाच्या बाजारात राबतात. आजोबा मात्र नंदुरबारकडे, धुळ्याकडे, जळगावकडे जमीन धरून आहेत. दिवाळीच्या सुट्टीत ही मुले गावी जातात आणि कापूस वेचून येतात. त्या वर्षी एक मुलगा परतला तो बोंडे सडल्याची वार्ता घेऊनच. बीटीचे बियाणे लावले की अळी मरते, असे त्याच्या आजोबांना सांगण्यात आले होते, आणि काही वर्षे ती मरतही होती. आता मरत नाही. त्याने मला विचारले, "सर, अळीला कसं कळलं, की आता हे विष पचवायला शिकलं पाहिजे?"

मी उत्तर दिले. म्हणालो, "अरे, सवय होते. नदीच्या थंड पाण्यात पहिल्या दिवशी हुडहुडी भरते, आठ दिवसांनी काही वाटत नाही. तसेच अळीचे झाले." मुलांचे समाधान झाले, तासाची घंटा झाली, आणि मी स्वतःवर खूश होऊन बाहेर पडलो. रात्री मात्र ते उत्तर टोचू लागले. पुढे सवडीने पुस्तके पाहिली, जाणकारांस विचारले, तेव्हा कळले की माझे उत्तर नुसते अपुरे नव्हते, ते उलटे होते. कोणत्याही अळीला काहीही कळलेले नव्हते. विष चाखून ज्या अळ्यांना ते सोसावयाचे होते त्या सोसण्यापूर्वीच मेल्या होत्या. सवय व्हावयास लागणारे आठ दिवस त्यांस मिळालेच नाहीत. मग बदलले ते काय? ह्या प्रश्नाचे उत्तर म्हणजेच जीवशास्त्रातील नैसर्गिक निवडीचे तत्त्व होय.

माझ्या चुकीला विज्ञानाचे अज्ञान जितके कारण झाले, तितकीच माझी भाषाही कारण झाली, असे आता वाटते. आपल्या वाक्याला कर्ता लागतो आणि कर्त्याला आपण नकळत हेतू चिकटवितो. "जिराफाने मान लांब केली", "माशाने पाणी सोडून जमिनीची वाट धरली", "डास औषधाला दाद देईनासे झाले", "अळीने प्रतिकारशक्ती कमावली" ही वाक्ये आपण वर्गात सर्रास उच्चारतो. 'कमावणे' हे क्रियापदच पाहा. पैलवान शरीर कमावतो, व्यापारी पैसा कमावतो; दोघांच्याही मागे इच्छा आणि खटपट आहे. तीच इच्छा व तीच खटपट आपण अळीच्या पदरी बांधून मोकळे होतो. १८०९ साली लामार्क ह्या फ्रेंच पंडिताने जवळजवळ असेच प्रतिपादन केले होते, की प्राणी जे अवयव वापरतात ते वाढतात आणि ती वाढ पुढच्या पिढीस मिळते. तेव्हा माझी चूक दोनशे वर्षांची थोर परंपरा असलेली होती, एवढेच समाधान! परंतु लोहाराचे दंड घण मारून भरले, तरी त्याचा मुलगा भरलेले दंड घेऊन जन्मास येत नाही.

'नैसर्गिक निवड' हा शब्दही ह्या दृष्टीने पूर्ण निर्दोष नाही. निवडणे म्हटले की डोळ्यांपुढे येते ती सुपात तांदूळ घेऊन बसलेली आजी. खडा कोणता आणि दाणा कोणता हे तिला ठाऊक असते. तिला डोळे आहेत, हात आहेत, संध्याकाळच्या भाताचा विचार आहे. निसर्गापाशी यांपैकी काहीच नाही. हा घोटाळा मराठीत प्रथम झाला असेही नाही. चार्ल्स डार्विन यांनी १८५९ च्या आपल्या ग्रंथाचा आरंभ कबुतरांची पैदास करणाऱ्या हौशी लोकांपासून केला आणि त्यांच्याच व्यवहारातला शब्द निसर्गाला लावला. हे तत्त्व ज्यांना स्वतंत्रपणे सुचले होते त्या वॉलेस यांनीच १८६६ साली डार्विनना पत्र लिहून कळविले, की ह्या शब्दामुळे लोकांना मागे कोणी निवडणारा बसला आहे असे वाटते. त्याऐवजी हर्बर्ट स्पेन्सर यांचा 'सर्वांत योग्य त्याचे टिकणे' हा शब्दप्रयोग बरा. १८६९ च्या पाचव्या आवृत्तीत डार्विननी तो घेतलाही. पण औषधापेक्षा पथ्य कठीण, अशी गत झाली. 'योग्य' याचा अर्थ लोकांनी 'बलवान' असा केला, आणि आपल्याकडे तर डार्विन म्हणजे 'बळी तो कान पिळी' हे समीकरण अजूनही फळ्यावर लिहिले जाते. अळीच्या गोष्टीत कोणी कोणाचा कान पिळलेला नाही, हे पुढे दिसेलच.

माझ्यापुरता मी दुसरा एक शब्द शोधला आहे: उफणणी. खळ्यावर मळणी झाली की तिवड्यावर उभे राहून धान्य वाऱ्यावर सोडतात. भूस दूर जाते, दाणे पायाशी पडतात. वाऱ्याला दाण्याची ओळख नसते, भुसाचा राग नसतो. तो केवळ वाहतो. तरी रास आपोआप निराळी होते. यातून दोन गोष्टी मुलांना सहज सांगता येतात. एक, वारा दाणे निर्माण करीत नाही. हलके व जड असे दोन्ही राशीत आधीच असावे लागते. दुसरी, जे पायाशी पडले त्यातूनच पुढच्या वर्षीचे बी ठेवावे लागते, आणि बी जसे तसे पीक यावे लागते. नाहीतर उफणणीचा परिणाम त्याच संध्याकाळी संपला. आधीची विविधता, टिकण्यातील फरक आणि त्या फरकाचा वारसा, एवढ्यावर हे सारे तत्त्व उभे आहे. रूढ पारिभाषिक शब्द बदलावा असे मात्र माझे म्हणणे नाही. शिवाय आता मळणीयंत्रे आली. ज्या मुलांसाठी ही उपमा काढली त्यांतल्या अनेकांनी तिवडा पाहिलेलाच नाही.

माणसाने डोळसपणे केलेली निवड पाहावयाची तर आम्हा सुरतकरांना दूर जावे लागत नाही. शहरातील अठवा भागात कापूस-संशोधनाचे जे केंद्र आहे ते १८९६ साली सुरू झाले. आज ते नवसारी कृषी विद्यापीठाकडे आहे. ह्या केंद्रातून १९७० साली डॉ. सी. टी. पटेल यांनी 'संकर-४' हा वाण बाहेर काढला. कापसाचा जगातील पहिला व्यापारी संकरित वाण तो हाच. दोन निराळ्या वाणांची फुले हाताने फळवून आलेले बी पेरावयाचे, आणि दरवर्षी ते नव्याने विकत घ्यावयाचे, ही पद्धत भारताच्या कापूसशेतीत येथून शिरली. लांब धाग्याचा कापूस आला, उत्पन्न वाढले. सुरतेने त्याचा अभिमान बाळगावा अशीच ती कामगिरी आहे. परंतु ह्या संकरित बियाण्याचा आपल्या अळीशी एक अनपेक्षित संबंध पुढे येणार आहे, तो वाचकांनी ध्यानात ठेवावा.

आता अळीकडे वळू. तिला जुन्या मराठीत शेंदरी बोंडअळी म्हणतात. अलीकडे 'गुलाबी' हे नाव अधिक चालते. विज्ञानाच्या दफ्तरी ती प्रथम नोंदली गेली तीही आमच्या शेजारच्या भडोचमुळे. तेथील सरकारी कापूस-मळ्यातून गेलेल्या नमुन्यांवरून सॉन्डर्स यांनी १८४३ साली तिचे वर्णन प्रसिद्ध केले. तिचा पतंग लहान, करड्या-तपकिरी रंगाचा, रात्री हिंडणारा. मादी पाते, फूल, कोवळे बोंड अशा ठिकाणी अंडी घालते. अळी फुलात शिरली की पाकळ्या एकमेकींस जखडल्या जातात आणि फूल उमलत नाही. त्याला शेतकरी डोमकळी म्हणतात. बोंडात शिरली की तिने पाडलेले बारीक छिद्रही पुढे बुजून जाते आणि ती आत बसून सरकी खाते. बाहेरून बोंड हिरवेगार दिसते. म्हणूनच तिच्यावर फवारा चालत नाही. हंगाम संपता संपता ती दोन सरक्या एकमेकींस जोडून त्यांच्यामध्ये निजते ती पुढच्या पावसाळ्यापर्यंत. महिना-दीड महिन्यात एक पिढी, म्हणजे एका हंगामात चार-पाच पिढ्या सहज होतात. निवडीचे काम पिढ्यांनी मोजावयाचे असते, वर्षांनी नव्हे, हे येथे लक्षात यावे.

बीटी कपाशीला आपल्या देशात २००२ च्या मार्चमध्ये परवानगी मिळाली. जमिनीत राहणाऱ्या 'बॅसिलस थुरिंजिएन्सिस' ह्या जिवाणूचे एक जनुक कपाशीत घातलेले असते. त्यामुळे झाडाच्या अंगीच एक प्रथिन तयार होते. अळीने ते खाल्ले की ते तिच्या आतड्याच्या भिंतीवरील ठराविक रेणूंना जाऊन चिकटते, भिंतीला भोके पाडते आणि अळी मरते. कुलपात किल्ली बसावी तसे हे आहे. माणसाच्या वा गुरांच्या आतड्यात ते कुलूपच नाही, म्हणून त्यांस ह्या प्रथिनाची बाधा होत नाही. अळीच्या कुलपांपैकी एक म्हणजे कॅडहेरिन नावाचे प्रथिन, आणि ते कसे घडवावयाचे याची कृती अळीच्या एका जनुकात लिहिलेली असते.

जनुकांची नक्कल पिढ्यान्‌पिढ्या होत असते, आणि नक्कल करणाऱ्याच्या हातून अक्षर चुकते. जुन्या पोथ्यांची संपादने केलेल्या आपल्या सभासदांस हे वेगळे सांगावयास नको. नव्याण्णव वेळा अशी चूक निरुपद्रवी किंवा हानिकारक असते. अशाच एखाद्या चुकीने कोट्यवधी अळ्यांपैकी काहींच्या कॅडहेरिनची कृती बिघडलेली होती. ती बीटी कपाशी येण्याच्या आधीपासून बिघडलेली असणार. विषाला पाहून बिघडली नाही. अशा चुका गरज पाहून घडत नाहीत, हे लुरिया आणि डेलब्रुक ह्या दोन शास्त्रज्ञांनी १९४३ साली जिवाणूंवर प्रयोग करून दाखविले. त्यांची युक्ती मोठी सुंदर आहे. एकाच जिवाणूची वाढ त्यांनी अनेक वेगवेगळ्या नळ्यांत केली आणि मग सर्वांवर तोच मारक विषाणू सोडला. वाचण्याची विद्या जर विषाणू पाहिल्यावर शिकली जात असती, तर प्रत्येक नळीत साधारण सारखेच जिवाणू वाचावयास हवे होते. प्रत्यक्षात बऱ्याच नळ्यांत एकही वाचला नाही, आणि एखाद्या नळीत मात्र शेकड्यांनी वाचले. त्या नळीत चूक फार आधी झाली होती आणि विषाणू येईपर्यंत तिची वंशवेल पसरली होती. माझ्या विद्यार्थ्याच्या "कसं कळलं?" ह्या प्रश्नाला याहून नेमके उत्तर मला कोठे सापडलेले नाही.

आता एक काल्पनिक आकडा घेऊ. बिघडलेले जनुक हजारात एक आहे असे समजा. प्रत्येक अळीला अशा जनुकाच्या दोन प्रती मिळतात, एक आईकडून, एक बापाकडून. एक प्रत जरी शाबूत असली तरी कुलूप तयार होते आणि अळी मरते. म्हणून ह्या बिघाडाला अप्रभावी म्हणतात. दोन्ही प्रती बिघडलेली अळी मग हजार गुणिले हजार, म्हणजे दहा लाखांत एक. बीटीच्या शेतात नऊ लक्ष नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णव मेल्या, एक जगली. शेतकऱ्याला ती दिसणारही नाही. पण साऱ्या तालुक्यात बीटीच असेल, तर जगलेल्या त्या एकीला जोडीदार मिळावयाचा तो दुसऱ्या कोठल्यातरी दहा लाखांतून उरलेलाच. दोघांची सारी संतती दोन्ही प्रती बिघडलेली. आरंभीच्या पिढ्यांत काहीच घडत नाहीसे वाटते आणि मग एका हंगामात सारे शिवार हातचे जाते. अळी एका रात्रीत शहाणी झाली असे जे वाटते ते यामुळे.

घडले ते असेच. २००९ च्या हंगामात सौराष्ट्रातील अमरेली, भावनगर, जुनागढ आणि राजकोट ह्या जिल्ह्यांत बीटीच्या पहिल्या प्रथिनाला न जुमानणारी शेंदरी अळी आढळली, आणि २०१० साली ते जाहीर झाले. तोवर दोन प्रथिने असलेली दुसरी कपाशी २००६ पासून बाजारात आलेली होती. पाच-सहा वर्षांत तिचाही निभाव लागेना. २०१५ साली गुजरातेत आणि २०१७ साली विदर्भ, मराठवाडा व खानदेशात जो हाहाकार झाला तो अनेकांच्या स्मरणात असेल. भारतीय अळ्यांची जनुके तपासणाऱ्या शास्त्रज्ञांना २०१४ साली कॅडहेरिनच्या जनुकाचे आठ निरनिराळे बिघाड सापडले. ह्या आकड्यापाशी मी बराच वेळ थांबलो. अळीने विद्या शिकली असती तर ती एका रीतीने शिकली असती. येथे प्रत्येक वंशात कुलूप निराळ्या ठिकाणी मोडलेले होते. कोणाचे अक्षर गळले, कोणाची ओळ. वाऱ्याने फक्त एवढेच पाहिले की किल्ली बसत नाही. आणि मोडक्या कुलपाची ही अळी बळकट आहे काय? अमेरिकेतील निरीक्षणांवरून दिसते, की जेथे बीटीचे प्रथिन नाही अशा कपाशीवर ती साध्या अळीपेक्षा कमीच तग धरते. तिला 'बळी' म्हणण्याची सोय नाही. ती त्या जागी, त्या वर्षी, त्या विषापुरती योग्य ठरली, एवढेच.

हे गुजरातेत प्रथमच घडले असे नव्हे. १९५३ साली देशात हिवतापाविरुद्ध मोठी मोहीम निघाली आणि घराघरांच्या भिंतींवर डीडीटी फवारले गेले. सहाच वर्षांत, १९५९ साली, तेव्हाच्या मुंबई राज्यातील पंचमहाल जिल्ह्यात डीडीटीला दाद न देणारे डास आढळले. हिवतापाचे रुग्ण एक लाखाच्या आसपास उतरले होते ते १९७६ साली चौसष्ट लाखांवर गेले. त्याच्या अनेक कारणांपैकी हे एक होते.

येथे कोणी चाणाक्ष वाचक म्हणेल, की हे सारे मान्य, पण अळी ती अळीच राहिली; तिचा बेडूक झाला नाही. आक्षेप रास्त आहे आणि वर्गात तो नेहमी येतो. पंधरा वर्षांत जेवढे होते तेवढे आपण पाहिले. अधिक पाहावयाचे तर अधिक लांबचा काळ पाहिला पाहिजे, आणि त्याचीही सोय गुजरातेत आहे. कच्छच्या खडकांत सुमारे साडेचार कोटी वर्षांपूर्वीच्या देवमाशांचे अवशेष मिळतात. हरुडी गावाजवळच्या अवशेषांचे वर्णन सहानी आणि मिश्र यांनी १९७५ साली केले. २००० साली आणखी एका लहान जातीला कच्छवरूनच नाव देण्यात आले. ह्या देवमाशांना पाय होते. कानाची हाडे देवमाशाची आणि खाली चालण्याजोगे चार पाय असा तो प्राणी. तो 'पाण्यात जावयास निघाला' होता असे लिहिण्याचा मोह आवरला पाहिजे. किनाऱ्यावरच्या उथळ पाण्यात त्याचे भागत होते. ज्यांचे थोडे अधिक भागले त्यांची संतती थोडी अधिक झाली. लाखो पिढ्यांनंतर मागे वळून पाहणाऱ्या आपल्याला ती वाट दिसते, चालणाऱ्याला ती दिसत नव्हती.

२०२२ साली राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने अभ्यासक्रमाचे ओझे कमी करताना दहावीच्या विज्ञानातील 'आनुवंशिकता आणि उत्क्रांती' ह्या प्रकरणातून उत्क्रांती वगळली. २०२३ च्या पुस्तकात केवळ आनुवंशिकता उरली. देशातील अठराशेहून अधिक शास्त्रज्ञांनी व शिक्षकांनी पत्र काढून त्याला हरकत घेतली. महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तक मंडळाने २०१८ साली दहावीसाठी काढलेल्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागाचा पहिलाच पाठ 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा आहे. वगळणाऱ्यांचे म्हणणे असे, की अकरावी-बारावीत जीवशास्त्र घेणाऱ्यास तो विषय मिळतोच. पण आमच्या वर्गातून अकरावीला जीवशास्त्र घेणारी मुले किती? हाताच्या बोटांवर मोजावी इतकी. बाकीची कापडाच्या बाजारात जातील, आणि काही गावी परतून कापूस लावतील. त्यांना हा पाठ मिळावयाचा तर दहावीपर्यंतच. तो नसला म्हणून काय बिघडले, असे विचारणाऱ्यास मी एका लहानशा पिशवीची गोष्ट सांगतो.

बीटी कपाशीच्या साडेचारशे ग्रॅमच्या पाकिटाबरोबर एकशे वीस ग्रॅम साध्या, बिनबीटी कपाशीचे बी देत असत. शेताभोवती त्याच्या किमान पाच ओळी किंवा एकूण क्षेत्राच्या वीस टक्के, यांपैकी जे अधिक असेल तेवढी लागवड करावी, असा नियम होता. ह्या पट्ट्याला आश्रय म्हणत. आश्रय कोणाला? अळीला! शेतकऱ्याने पैसे मोजून अळी मारणारे बी आणावयाचे आणि तिच्यासाठीच वीस टक्के रान मोकळे सोडावयाचे, हे ऐकून कोणता व्यवहारी माणूस हसणार नाही? पुष्कळांनी ते बी बांधावर टाकले. मी त्यांना दोष देत नाही. त्यांना नियम सांगितला गेला, कारण सांगितले गेले नाही. आणि वर आलेले दहा लाखांचे गणित ज्याला कधी कोणी शिकविले नाही त्याला ते कारण सांगताही येणार नाही.

कारण असे. आश्रयाच्या ओळींत साध्या अळ्या जगतात आणि त्यांचे हजारो पतंग होतात. बीटीच्या शेतात वाचलेल्या एका पतंगाला मग दुसरा वाचलेला शोधावा लागत नाही. भोवती साधे पतंगच पतंग असतात. त्यांच्या मिलनातून झालेल्या संततीला एक प्रत बिघडलेली व एक शाबूत मिळते, आणि शाबूत प्रत कुलूप घडविते. ती संतती बीटीवर मरते. म्हणजे आश्रयातली साधी अळी ही बीटीची राखणदार. हिरव्या बोंडअळीच्या बाबतीत हे काम तूर, हरभरा, टोमॅटो यांनी फुकट केले, कारण ती ह्या सर्वांवर जगते. म्हणून ती अद्याप शेंदरी अळीइतकी डोईजड झालेली नाही. शेंदरी अळी मुख्यतः कपाशीवरच जगते. तिला आश्रय द्यावयाचा तर तो माणसानेच द्यावयास हवा होता.

तो दिला असता तर काय झाले असते, याचे उत्तर अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात मिळते. तेथे १९९६ पासून बीटी कपाशी आहे, आणि शेतकऱ्यांनी आश्रयाचे नियम पाळले. दहा वर्षे अळी बीटीला बधली नाही असे झाले नाही. २००६ पासून त्यांनी वंध्य केलेले पतंग विमानातून सोडून उरल्यासुरल्या अळीचा वंश खुंटविला, आणि २०१८ साली अमेरिकेच्या कापूसपट्ट्यातून ती नाहीशी झाल्याचे तेथील कृषिखात्याने जाहीर केले. चीनमधील यांगत्से नदीच्या खोऱ्यात तर शेतकऱ्यांनी नियमावाचूनच आश्रय दिला. त्यांनी संकरित बीटीच्या पिकातून आलेली दुसऱ्या पिढीची सरकी पेरली. त्यामुळे शेतात काही झाडे बीटी आणि काही साधी अशी मिसळ झाली आणि अळीचे बळावणे मागे हटले.

येथे सुरतेचा संकरित वाण पुन्हा आठवावा. आपल्याकडे बीटी कपाशी जवळजवळ सारीच संकरित आहे, आणि संकरित झाडाच्या बोंडातली सरकी ही दुसरी पिढी असते. एकाच बोंडात कोणत्या सरकीत विष असते, कोणत्या सरकीत नसते. चीनमध्ये मिसळ झाडाझाडांची होती. येथे ती बोंडातल्या बोंडात झाली. अळी एक सरकी संपवून दुसरीत जाते, म्हणजे तिला पुरे मारणारे विष न मिळता अर्धेमुर्धे मिळते, आणि एकच प्रत बिघडलेली अळीही मग तगून जाते. आश्रयाची सारी युक्ती ती मरण्यावर उभी होती. अळी बळावण्याची जी कारणे शास्त्रज्ञ देतात त्यांत हे एक आहे. दुसरे फरदड. डिसेंबरात पीक काढून टाकण्याऐवजी पाणी देऊन ते मार्च-एप्रिलपर्यंत ठेवले, की अळीच्या आणखी दोन-तीन पिढ्या त्याच शेतात होतात, म्हणजे उफणणीच्या आणखी दोन-तीन फेऱ्या. चार क्विंटल जादा कापसाच्या आशेने फरदड घेणाऱ्याला हे दुकानात कोणी सांगत नाही. आश्रयाचे बी वेगळ्या पिशवीत न देता त्याच पाकिटात मिसळून देण्याची पद्धत पुढे आली, पण तोवर वारा वाहून गेला होता.

हे सारे जुळवावयास मला दोन-अडीच महिने लागले. त्यानंतर मी त्या वर्गावर एक तास मागून घेतला, आणि आपले उत्तर चुकले होते हे मुलांना सांगितले. फळ्यावर 'अळीने प्रतिकारशक्ती कमावली' असे लिहून ते पुसले, आणि त्याखाली लिहिले: 'ज्या अळ्यांवर विष चालत नव्हते त्या उरल्या, आणि पुढची अळी त्यांचीच झाली.' वाक्य लांबले खरे, पण त्यात कोणालाही काही कळावे लागत नाही. मग आश्रयाच्या ओळी काढून दाखविल्या. प्रश्न विचारणारा तो मुलगा खाली मान घालून वहीत ओळी काढीत होता. मध्येच तो म्हणाला, "सर, ती लहान पिशवी आमच्या घरात पडलेली असायची. आजीने ती सरकी म्हशीला घातली."